मागच्या ब्रेकचं मी बघतो

६ एप्रिल १९९७, रविवार

आज गाडीच्या मागच्या ब्रेकची अधिकृत चाचणी घेतली. पद्धत माझीच. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डीपीपासून ताशी तीसने यायचं, शेवग्याच्या झाडाशी ब्रेक दाबायचा आणि गाडी जिथे थांबेल तिथपर्यंत पावलं मोजायची. आजचा आकडा अकरा. गाडी शहाऐंशी सालची आहे हे धरलं तर उत्तम.

प्रतिभा म्हणाली, पूर्वी झाडाशीच थांबायची. बायकोला आकड्यांची सवय नाही.

गडावर जायची तारीख ठरली. मंगळवार, तेरा मे. जानेवारीत मनीषाला टायफॉईड झाला तेव्हा सासूबाईंनी नामपूरला बसून परस्पर नवस बोलला होता, की नात उठून बसली की सप्तशृंगीला नेऊन ओटी भरीन. नात उठली. आता आखाजीचा सण झाला की सासूबाई तिकडून एस.टी.ने गडावर येणार, आणि आम्ही तिघं नाशिकहून गाडीवर. नांदुरीपासून वर दहा किलोमीटर घाट आहे. प्रतिभाची एकच अट, त्याआधी ब्रेक भिका मिस्त्रीकडून करून आणा, नाहीतर मी पोरीला घेऊन त्या गाडीवर बसायची नाही.

मी म्हटलं, मागच्या ब्रेकचं मी बघतो.

८ एप्रिल, गुढीपाडवा

गाडी धुतली. हार, हळदकुंकू. नवीन वर्षाचे संकल्प: एक, ब्रेक स्वतःच्या हाताने करणे. दोन, रोज लिहिणे. तीन, त्रिमूर्ती चौकातल्या भिकाच्या टपरीवरून जाणे बंद.

तिसऱ्याचं कारण नोंदवून ठेवतो. शनिवारी पंक्चर काढायला थांबलो तर भिकाने न विचारता पॅडल दाबून पाहिलं आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "साहेब, लायनर संपलेत. नवे टाकू, अर्ध्या तासाचं काम हाय. घरी उघडू नका मात्र, तुमच्यानं व्हायचं नाय."

तुमच्यानं व्हायचं नाय! चौदा वर्षं मी अंबडला क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. केसाएवढा फरक असला तरी मी माल परत पाठवतो. मोठमोठे सुपरवायझर माझ्या टेबलाशी उभे राहतात आणि हा पान्हा घेऊन फिरणारा माणूस मला शिकवणार.

१३ एप्रिल, रविवार

मागचं चाक काढलं. सकाळी नऊला सुरुवात, दुपारी चारला चाक परत बसलं. दोन वॉशर उरले. कंपनीवाले जास्तीचे वॉशर टाकतात, हा अनुभव आहे.

लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे पट्टे, व्हर्नियरने मोजले. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय दोन मिलिमीटरच्या खाली चालणार नाही. माझे निघाले एक पूर्णांक सहा. भिकासारखा माणूस इथे घाबरला असता. आमच्या कंपनीत यावर रीतसर उपाय आहे, त्याला डेव्हिएशन म्हणतात. माल मापात बसत नाही, पण गिऱ्हाईक दाराशी उभं आहे, अशा वेळी कागदावर लिहायचं की एवढ्या खेपेपुरतं चालेल, आणि सही करायची. मी लायनरना एकतीस मेपर्यंत डेव्हिएशन दिलं. मागणाऱ्याच्या रकान्यात माझी सही, मंजूर करणाऱ्याच्या रकान्यातही माझीच. कामाला वेळ लागत नाही तो असा.

लायनर पॉलिश पेपरने घासले. ब्रेकच्या रॉडचा नट चार आटे आवळला. चाचणी: नऊ पावलं. प्रतिभाला मुद्दाम बाहेर बोलावून दाखवलं. ती म्हणाली, आवाज कसला येतोय?

१६ एप्रिल

आवाज वाढलाय. ब्रेक दाबला की गाडी किंचाळते. कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या लताबाई, मखमलाबादच्या, रोज पहाटे मळ्यातून मेथी-कोथिंबीर घेऊन येतात, आज मला म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या गाडीचं एक बरं हाय. लांबून कळतं. टोपली उचलाया टाइम भेटतो."

माझी चाचणी त्यांच्या टोपलीच्या दिशेने असते हे खरं, पण टोपलीपर्यंत अजून भरपूर जागा आहे.

संध्याकाळी ड्रम उघडून लायनर फाकवणाऱ्या आतल्या कॅमला ग्रीस भरलं. पुस्तकात "बोटाच्या टोकावर मावेल एवढे" असं लिहिलंय. हात आखडता घेणं माझ्या स्वभावात नाही. आवाज पूर्ण बंद झाला.

१७ एप्रिल

चाचणी: चौदा. नवीन चपला घातल्या होत्या, पावलं आखूड पडली.

२० एप्रिल, रविवार

जुन्या चपला. सोळा. रस्त्यावर धूळ फार झालीये. नगरपालिकेला पत्र लिहायला हवं, आता महानगरपालिका आहे म्हणा.

लताबाई आज गटाराच्या पलीकडे बसल्या होत्या. मी विचारलं, जागा का बदलली? सावली हाय म्हणाल्या. तिथे सावली नाही.

२५ एप्रिल

मूळ कारण सापडलं. दोष लायनरचा नाही, ड्रमचा आहे. आत रेघा पडल्यात. ड्रम कंपनीत नेला आणि लेथवरच्या सोमाला म्हटलं, आतून हलका कट मार, फिनिश आरशासारखी पाहिजे.

सोमा पेठकडचा. हात सोन्याचा, पण बोलणं कमी. त्याने ड्रम मोजला, परत मोजला आणि म्हणाला, "साहेब, हा झिजून आधीच मोठा झालाय. अजून घेतलं तर लायनर पोचायचे नाय त्याला." मी त्याला समजावलं की डिझाइनचा विचार करणं हे ऑपरेटरचं काम नाही. मग त्याने कट मारला. मशीन बंद केल्यावर ड्रम माझ्या हातात देताना म्हणाला, "वहिनी बसतात का मागं?" मी म्हटलं, बसतात. तो हात पुसत डबा खायला गेला.

फिनिश अप्रतिम. ड्रममध्ये माझा चेहरा दिसत होता. असं काम भिकाच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलं नसेल.

२७ एप्रिल, रविवार

ड्रम बसवला. रॉडचा नट आवळत गेलो तर आटेच संपले. तरी पॅडल खाली जातच होतं. इथे डोकं लागतं. चाकापाशी जो दांडा असतो तो दात्यांवरून काढून दोन दाते मागे बसवला. पॅडल वर आलं. पुस्तकात दांड्यावर एक बाण आहे आणि तो अमुक रेघेच्या पुढे गेला तर गाडी चालवू नये असं लिहिलंय. बाण बराच पुढे गेला आहे. बाण हा नवख्या लोकांसाठी असतो.

दुसरं डेव्हिएशन. दोन्ही सह्या केल्या.

चाचणी: बारा. बघा!

१ मे, गुरुवार

सुट्टी. प्रतिभाने जेवताना विषय काढला की निदान पुढचा ब्रेक तरी नीट करा. तिला माहीत नाही. पुढच्या ब्रेकची केबल मीच एक्याण्णव साली सैल करून ठेवली आहे. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो. माझ्या मावसभावाचे दोन दात त्यातच गेले. धोका मुळातच काढून टाकला की चूक होण्याचा प्रश्न येत नाही. तिला यातलं काही सांगितलं नाही, उगाच घाबरेल.

४ मे, रविवार

पाथर्डी फाट्यावर पुढचा ट्रक अचानक थांबला. अचानक म्हणजे सिग्नल लाल होता, पण ट्रकवाल्यांकडून ती अपेक्षा नसते. आम्ही थांबलो. पुढचं चाक आणि ट्रकचा बंपर यांच्यात मनीषाची वही सरकली असती, एवढी जागा उरली. म्हणजे उरली.

प्रतिभा खाली उतरली. मनीषालाही उतरवलं आणि भाजीची पिशवी घेऊन दोघी पायी घरी आल्या. दीड किलोमीटर. घरी आल्यावर ब्रेकबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली नाही म्हणजे पटलं असणार.

मला मात्र गाडी स्टँडवर चढवायला तीनदा जोर लावावा लागला. कालपासून जेवण नीट नाही, त्यामुळे.

८ मे, गुरुवार

सकाळी आठला दाराशी भिका मिस्त्री. सायकलवर पान्ह्यांची पिशवी, हातात नवे लायनर, पुड्यात बांधलेले. "वहिनींनी निरोप धाडला होता. इथंच अंगणात टाकून देतो, तुम्ही चहा पिऊस्तोवर."

म्हणजे प्रतिभाने माझ्या पाठीमागे त्याला बोलावलं. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. चौदा वर्षं लोक माझ्या सहीवर डोळे मिटून माल उचलतात आणि माझ्याच घरात माझी सही चालत नाही. मी भिकाला चहा दिला, पुडा त्याच्या पिशवीत परत ठेवला आणि काम झालेलं आहे असं सांगितलं. त्याने आधी दुरून गाडीकडे पाहिलं. मागच्या चाकाशी वाकला, दांड्याचा बाण पाहिला. उठून म्हणाला, "साहेब, घाटात नका नेऊ. पाया पडतो."

नाटकी माणूस. धंदा कमी झाला की लोक असं बोलतात.

प्रतिभा स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, पुडा तरी ठेवून घ्यायचा होता.

१० मे

चाचणी: एकवीस. लताबाईंनी टोपल्या उचलल्याच नाहीत, त्या स्वतःच उठून ओट्यावर चढल्या.

मोजमाप आजपासून बंद. कोणताही माल सारखा सारखा तपासला की तो बिघडतो. गाडी पास.

१२ मे, सोमवार

उद्याचा कार्यक्रम. साडेपाचला प्रस्थान. दिंडोरीला चहा, वणीला नाश्ता, नांदुरीला हवा तपासणे. दहापर्यंत गड. ओटी, दर्शन, जेवण. दोनला परत.

उताराचं शास्त्र मुद्दाम लिहून ठेवतो, कारण याबाबत लोकांमध्ये घोर अज्ञान आहे. टू-स्ट्रोक गाडी उतारावर गिअरमध्ये सोडली तर इंजिनला तेल पोचत नाही आणि पिस्टन जाम होतो. म्हणून घाट उतरताना इंजिन बंद, न्यूट्रल, आणि फक्त मागचा ब्रेक. पेट्रोलही वाचतं. माझे वडील असेच उतरायचे.

रजेचा अर्ज दिला. सोमा जेवणाच्या सुट्टीत टेबलाशी आला, टेबलावरची गाडीची किल्ली उचलली, परत ठेवली आणि गेला. त्याला पण सुट्टी हवी असेल.

प्रतिभाने देवीचं पातळ, खण, नारळ पिशवीत भरलं. ती हळू आवाजात मनीषाला सांगत होती की गाडीवर पप्पांना घट्ट धरायचं, सोडायचं नाही. बरं वाटलं ऐकून. कौतुकच आहे ते एक प्रकारचं.

१३ मे, मंगळवार, दुपारी दीड. गडावर

सगळं वेळापत्रकाप्रमाणे. अख्खा घाट चढलो, ब्रेकची एक तक्रार नाही.

सासूबाई आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या. भेटल्याबरोबर पहिला प्रश्न, "जवाईबुवा, गाडी बरी शे ना?" म्हणजे प्रतिभाने तिकडेही कळवलेलं दिसतं. ओटी भरली. मनीषा सगळ्या पायऱ्या न थांबता चढली. चार महिन्यांपूर्वी त्या पोरीला उचलून बाथरूमला न्यावं लागत होतं. तिला वर उभी पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते इथे लिहितो, कारण इथे कोणी वाचत नाही.

जेवताना प्रतिभाने जाहीर केलं की ती, सासूबाई आणि मनीषा खाली एस.टी.ने येतील. नांदुरीला भेटू. आईला सोबत हवी म्हणाली. मी म्हटलं, ठीक. मला काय. वजन कमी झालं तर ब्रेकला चांगलंच.

तिघी रांगेत उभ्या राहिल्या. मी गाडी पुसत होतो तर मनीषा रांग सोडून पळत आली आणि मागे चढून बसली. पप्पा एकटे कसे येतील, असं आईला ओरडून सांगितलं. प्रतिभा रांगेतून बाहेर आली आणि तिथेच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी उतरवायला हवं होतं का? पण आजूबाजूला माणसं होती, आणि पोरगी स्वतःहून बसली होती. तिच्या एकटीच्या नजरेत गाडी पास होती.

मी हात हलवून प्रतिभाला सांगितलं, काळजी करू नको. निघतो.

१४ मे

घरी. उजव्या खांद्याला मार आहे, डाव्या हाताने लिहितोय.

पहिली दोन वळणं चांगली गेली. इंजिन बंद, वारा कानात. तिसऱ्या वळणावर जळका वास आला. मला वाटलं ट्रकचा असेल. पुढे ट्रक नव्हता. चौथ्या वळणाआधी पॅडल दाबलं ते खाली गेलं, आणि वर आलंच नाही. पाय जमिनीला लागेपर्यंत दाबला. गाडी पळतच होती.

पुढचा ब्रेक आवळला. तो मीच सैल केलेला.

गिअर टाकला तर मागचं चाक खर्रकन ओढलं, गाडी हलली, मनीषाने माझा शर्ट मुठीत धरला. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, पप्पा, थांबवा ना. दोनदा म्हणाली. डाव्या हाताला दरी होती. समोरून जीप येत होती. मी गाडी उजवीकडे डोंगराच्या बाजूला, चरात घातली.

मनीषाच्या उजव्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली. बाकी खरचटलं.

पाठीमागून एस.टी. आली. ड्रायव्हरने थांबवली. प्रतिभा खाली उतरली तेव्हा तिच्या पायात एकच चप्पल होती. वणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत मनीषा म्हणाली, "मी माकड बघायला वळले. हलले मागे. पप्पांचा तोल गेला."

माकड नव्हतं.

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं, मी लिहू दिलं.

१५ मे

सासूबाई सोबत इथेच आल्या आहेत. सकाळपासून मनीषावर आवाज. "माय, गाडीवर गप बसता येत नही का तुले? नवस फेडीन येतांना असं करतंस?" मनीषा मान खाली घालून ऐकते.

तसं पाहिलं तर मागच्या सीटवर वजन हललं की गाडीचा समतोल बिघडतो, हे शास्त्रीय सत्य आहे. वळणावर तर जास्तच. ती हललीच नसेल असंही कोणी सांगू शकत नाही. मला पाठीमागचं दिसत नव्हतं. त्या दिशेने विचार केला तर ब्रेकची चूक दुय्यम ठरते. किंवा ठरतच नाही.

हे लिहून झाल्यावर वाचलं. लिहिलेलं बरोबर वाटतं. पण खाली सही केली नाही.

१८ मे, रविवार

गाडी टेम्पोने आणली. भिकाला मीच बोलावलं. त्याने अंगणात चाक उघडलं. ड्रममधून वितळलेलं ग्रीस काळ्या पाण्यासारखं बाहेर आलं. लायनर ड्रमला टेकतच नव्हते, आतला कॅम पार उलटा पडला होता. भिकाने मला तोंडावर काही म्हणावं म्हणून मी वाट पाहत होतो. त्याने नवे लायनर पुड्यातून काढले. जाताना फक्त विचारलं, "पोरगी कशी हाय?" आणि मी सांगितलं, बरी आहे, तिचा तोल गेला होता.

भिकाने मान हलवली. पिशवी सायकलला अडकवून तो निघाला. मला त्याच्याकडे बघवेना.

नवा ड्रम, नवे लायनर, नवी केबल. पस्तीस मिनिटं लागली.

२० मे, मंगळवार, रात्री

जेवायला बसलो होतो. सासूबाई उद्या नामपूरला जाणार, म्हणून पुन्हा मनीषाला समजावत होत्या की यापुढे गाडीवर हलायचं नाही, बापाचा जीव धोक्यात घालायचा नाही. बापाचा जीव! मनीषा हो म्हणाली. मग माझ्याकडे बघून थोडं हसली, म्हणजे आपलं दोघांचं ठरलंय ना, तसं.

मला सहन झालं नाही. मी सांगून टाकलं. ती हलली नव्हती. माकड नव्हतं. लायनर संपले होते हे मला पाच एप्रिलपासून माहीत होतं. ड्रम मीच मोठा करून घेतला, पुढचा ब्रेक मीच सैल केला, इंजिन मीच बंद केलं. भिका पाया पडत होता तरी नेली. सगळं सांगितलं, थांबलोच नाही.

 सासूबाईंनी मनीषाला जवळ ओढलं. प्रतिभाने आमटीचं पातेलं उचललं, सगळ्यांना वाढली आणि मला न वाढता आत नेऊन ठेवलं. मला माहीत होतं असं होणार. तरी वाटत होतं की निदान मनीषाला हलकं वाटेल.

मनीषा रडायला लागली. म्हणाली, "मी सांगितलं होतं ना सगळ्यांना. मग तुम्ही कशाला बोललात? आता सगळ्यांना कळलं." प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून ती डाव्या हाताने, चमच्याने आमटीभात खात राहिली. माझ्याकडे पाहिलं नाही.